एक संध्याकाळ खुर्च्यांविना : इंदूरच्या मराठी संस्थांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, विश्वस्त व कार्यकारिणी सदस्य,
इंदूर शहरातील सर्व मराठी सांस्कृतिक संस्था

विषय : वार्षिक कार्यक्रमपत्रिकेत रॉक बँडचा एक कार्यक्रम मोकळ्या मैदानावर, उभ्या श्रोत्यांसाठी ठेवण्याबाबत

सस्नेह नमस्कार.

पुढील वर्षाच्या कार्यक्रमांसाठी सूचना मागवणारी पत्रके सध्या सभासदांच्या घरी येऊ लागली आहेत. मी आपल्यापैकी एकाहून अधिक संस्थांची सभासद असल्यामुळे माझ्याकडे अशी पत्रके निरनिराळ्या ठिकाणांहून येतात, आणि प्रत्येकातील शेवटचा प्रश्न जवळजवळ सारखाच असतो : तरुणांचा सहभाग वाढावा यासाठी आपण काय सुचवाल? उत्तरासाठी खाली ठिपक्यांच्या चार ओळी असतात. मला जे सुचवायचे आहे ते त्यांत मावेल, परंतु त्यामागची कारणे मावणार नाहीत. शिवाय ती कोणा एका संस्थेपुरती नाहीत. म्हणून हे पत्र उघडपणे आणि सर्वांना मिळून लिहीत आहे.

सूचना अशी आहे. वर्षातील एक संध्याकाळ एखाद्या चांगल्या रॉक बँडला द्यावी. तो कार्यक्रम सभागृहात न करता मोकळ्या मैदानावर करावा आणि ज्येष्ठांसाठी व ज्यांना फार वेळ उभे राहणे शक्य नाही त्यांच्यासाठी राखलेला भाग सोडल्यास त्या मैदानावर एकही खुर्ची मांडू नये. पहिल्या कार्यक्रमासाठी माझ्या मनात ‘इंडियन ओशन’ हा बँड आहे. तो माझा आवडता बँड आहे हे मी लपवत नाही. परंतु या शहराशी आणि येथील मराठी श्रोत्यांच्या कानाशी त्याचा जो संबंध आहे तो माझ्या आवडीपुरता नाही, आणि त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

मी तरुण नाही. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेली भौतिकशास्त्राची प्राध्यापिका आहे, रामबागेत वाढले आहे आणि नाट्यसंगीत, अभंगवाणी व शास्त्रीय संगीताच्या बैठका यांवरच माझा कान तयार झाला आहे. तेव्हा ही मागणी घरातल्याच माणसाची आहे असे समजावे.

रॉक हा शब्द उच्चारताच कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला आक्षेप कोणता येईल हे मला ठाऊक आहे, कारण तो मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे : हा गोंगाट आहे, आणि ज्याला ऐकायचाच असेल त्याने घरी हेडफोन लावून ऐकावा. यातील गोंगाटाविषयी मी पुढे बोलेनच. मला खरा मुद्दा वाटतो तो हेडफोनचा, कारण अशा बँडच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात जे घडते ते हेडफोनमध्ये घडतच नाही आणि घडू शकतही नाही.

काही वर्षांपूर्वी भोपाळमध्ये एका मैदानावर मी हा बँड प्रत्यक्ष ऐकला. त्यांची गाणी मला ध्वनिमुद्रणांवरून इतकी पाठ होती की कोणते कडवे संपल्यावर गिटार येणार आणि तबला कोठे थांबणार हेही मी डोळे मिटून सांगू शकले असते. कार्यक्रम सुरू व्हायला अवकाश होता आणि ध्वनितंत्रज्ञ ड्रमपैकी पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा आवाज एकेक ठोका घेऊन तपासत होता. त्या ठोक्यासरशी माझ्या साडीचा पदर हलत होता. वारा नव्हता. तो ठोका कानांना कळण्याच्या आधीच बरगड्यांना आणि तळपायांना कळत होता, आणि ज्या मुलांच्या घोळक्यात मी उभी होते ती गप्पा मारता मारता त्या निव्वळ तपासणीच्या ठोक्यांवर नकळत मान हलवू लागली होती. मग दिवे लागले, चार मात्रांची काठ्यांची टिकटिक झाली आणि पहिला स्वर आला. त्यानंतर मला पाठ असलेल्या गाण्याचे पाठांतर निरुपयोगी ठरले, कारण त्या रात्री ते गाणे ध्वनिमुद्रणातल्यासारखे वाजलेच नाही. मधला वादनाचा भाग लांबत गेला, तबला आणि ड्रम यांच्यात सवाल-जवाब सुरू झाले, मैदानाच्या मागच्या टोकाकडून टाळीचा ठेका आला, तो वादकांनी उचलला, त्यावर लय चढवली, आणि पुन्हा मुखड्यावर येण्याच्या क्षणाआधी सारी वाद्ये एकदम गप्प झाली. त्या एका मात्रेपुरत्या शांततेत मैदानावरील प्रत्येकाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोठे आहे हे माहीत होते. ती आली तेव्हा सगळे मैदान एकाच वेळी जमिनीवरून उचलले गेले, आणि त्यात मीही होते.

माझ्या व्यवसायाची खोड म्हणा, परंतु घरी आल्यावर मी याचा हिशेब मांडल्याशिवाय राहिले नाही. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. हवेत ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो हे धरले तर त्या स्वराची एक लाट आठ मीटरहून लांब होते. हेडफोनचा रुपयाएवढा पडदा तो स्वर कानाच्या पोकळीपुरता उत्तम पोहोचवतो, पण छाती, पोट आणि पायांखालची जमीन यांपर्यंत तो जात नाही. त्यासाठी हवेचा मोठा साठा हलवावा लागतो आणि मंचाखाली ठेवलेले मोठे सबवूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, तेच काम करतात. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात असा प्रयोग केला होता की, कानांना जाणवणारही नाहीत इतक्या खालच्या कंपनांचे स्पीकर मध्येच चालू करायचे आणि मध्येच बंद करायचे. ते चालू असताना श्रोत्यांची हालचाल जवळपास १२ टक्क्यांनी वाढली, आणि श्रोत्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हे संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सांगायचे इतकेच की मैदानावर पाय आपोआप हलतात यात ऐकणाऱ्याचा उथळपणा काही नाही. शरीर आपल्या परीने ऐकत असते.

मात्र हे सारे केवळ खर्जाचे आणि यंत्रांचे काम असते तर मोठे स्पीकर लावून ध्वनिमुद्रण वाजवले तरी भागले असते, आणि ते भागत नाही हे आपण गणेशोत्सवात दरवर्षी पाहतो. डीजेच्या भिंतीसमोर कर्कश आवाजाखेरीज काही घडत नाही, पण ढोल-ताशा पथक समोर आले की ताशाची पहिली तर्री ऐकून आजोबांचाही हात हलू लागतो, कारण तेथे वाजवणारे डोळ्यांसमोर घामाघूम झालेले असतात, पाहणाऱ्यांचा जोर त्यांच्या हातांत उतरत असतो, आणि त्यांच्या हातांचा जोर पुन्हा पाहणाऱ्यांत येत असतो. आपल्यापैकी कोणत्याही मंडळाने ढोल पथकासमोर आजवर खुर्च्यांच्या क्रमांकित रांगा लावलेल्या नाहीत, हे मी आदरपूर्वक निदर्शनास आणू इच्छिते.

देवाणघेवाणीची ही रीत मराठी श्रोत्याला परकी आहे असे कोणी म्हणू नये. आपल्या नाट्यगृहांत एकेका पदाला वन्स मोअर घेत घेत नाटके उत्तररात्रीपर्यंत चालत, आणि तो वन्स मोअर श्रोत्यांनी कलाकाराकडून हक्काने वसूल केलेला असे. बैठकीत गायकाने घेतलेल्या सुंदर जागेची दाद गाणे संपल्यावर द्यायची नसते, ती त्याच क्षणी द्यायची असते. गायकाला ती दिसते, ऐकू येते आणि पुढची तान त्या दादेतून निघते. समेवर बैठकीतल्या सगळ्या माना एकदम हलतात, तेव्हा कोणी कोणाला खूण केलेली नसते. मैदानावर त्या मानांच्या जागी अख्खी शरीरे असतात, एवढाच काय तो फरक. उलट आपल्या आजच्या सभागृहांत प्रेक्षागाराचे दिवे मालवलेले असतात, कलाकाराला समोर फक्त प्रखर झोत दिसतो, आणि आपण अंधारात, हातांवर हात ठेवून, शेवटी टाळ्या वाजवण्याची वाट पाहत बसतो. बैठकीच्या खऱ्या स्वभावापासून अधिक दूर कोण गेले आहे, रॉकचे मैदान की आपले वातानुकूलित सभागृह, याचा विचार कार्यकारिणीने अवश्य करावा. (उस्ताद आमिर खाँ यांच्या शहरात हे लिहिताना मला पूर्ण जाणीव आहे की त्यांच्या विलंबितासारखे गाणे स्तब्ध बसूनच ऐकायचे असते. प्रत्येक संगीत उभ्याने ऐकावे असे माझे म्हणणे नाही. प्रत्येक संगीत बसूनच ऐकावे, हे मला मान्य नाही.)

येथे एका प्रयोगाची आठवण करून देणे भाग आहे, कारण तो प्रयोग फसला म्हणून अशी सूचना पुन्हा नको, असे मला काही पदाधिकाऱ्यांनी खासगीत सांगितले आहे. आपल्यापैकीच एका संस्थेने काही वर्षांपूर्वी तरुणांच्या एका बँडला सभागृहात बोलावले होते. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही आणि हेतू चांगलाच होता. दीपप्रज्वलन झाले, प्रास्ताविक झाले, पाहुण्यांचा परिचय झाला, प्रायोजकांना शाल-श्रीफळ झाले, परिचय करून देणाऱ्यांचा परिचय झाला, आणि गिटार गळ्यात अडकवून विंगेत उभी असलेली ती मुले तेवढा वेळ उभीच राहिली. पहिल्या गाण्याला मधल्या रांगांतील पंधरा-वीस जण उठून उभे राहिले, तेव्हा मागच्या रांगांना दिसेना, म्हणून स्वयंसेवकाने नम्रपणे त्यांना बसायला सांगितले, आणि सभागृहाच्या शिस्तीच्या दृष्टीने त्याचे काही चुकले नाही. दुसऱ्या गाण्यापूर्वी आवाज कमी करण्याची चिठ्ठी मंचावर गेली. पहिल्या तीन रांगा निमंत्रितांसाठी राखीव होत्या आणि सत्कारानंतर त्या बऱ्याचशा रिकाम्या झाल्या होत्या. म्हणजे ज्या गायकाने समोरच्या चेहऱ्यांवरून ऊर्जा घ्यायची त्याला समोर रिकाम्या गाद्या दिसत होत्या. मध्यंतरात तरुण मुले निघून गेली. वार्षिक अहवालात मात्र ‘युवकांसाठीच्या कार्यक्रमास अपेक्षित प्रतिसाद लाभला नाही’ अशी नोंद झाली. त्या मुलांना बसवून ठेवले गेले, ही नोंद कोठेही झाली नाही.

आता बँडविषयी.

इंडियन ओशनची सुरुवात १९९० मध्ये दिल्लीत झाली. सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व आवाज यांतून तो उभा राहिला. लवकरच राहुल राम बास गिटार घेऊन आले आणि १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलम आले. मंचावर बैठक मारून तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती आणि शेजारी उभे राहून बास वाजवणारे राहुल राम हे त्या काळातील चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना रॉक म्हणजे केवळ परदेशी अनुकरण असे म्हणणे जड जाईल. २००९ च्या डिसेंबरमध्ये असीम गेले, २०१३ मध्ये सुस्मित सेन बाहेर पडले, नवे वादक-गायक आले आणि बँड चालू राहिला. त्यांचा ‘डेझर्ट रेन’ हा संग्रह मुळात स्टुडिओत झालेलाच नाही. पथनाट्यकार सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ १ जानेवारी १९९७ रोजी दिल्लीत झालेल्या कार्यक्रमातील ते प्रत्यक्ष वादन आहे. प्रत्यक्ष कार्यक्रम हीच ज्यांची खरी ओळख आहे, अशांपैकी हा बँड आहे.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट २००० सालच्या ‘कंदीसा’ या संग्रहातील ‘माँ रेवा’ या गाण्याची आहे. राहुल राम हे कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले गृहस्थ. नव्वदच्या दशकात ते नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते आणि हे नर्मदेचे पारंपरिक गीत त्यांना खोऱ्यातच मिळाले. आंदोलनाविषयी आपणा प्रत्येकाचे मत वेगवेगळे असू शकेल, माझेही आहे, तो आजचा विषय नाही. ज्या नदीचे ते गाणे आहे तिचे पाणी जलूदहून चढवून आणून आपल्या नळांना येते, आणि रामबाग असो, सुदामा नगर असो की राजेंद्र नगर, आपल्यापैकी प्रत्येक घर त्या पाण्यावर चालते. भोपाळच्या त्या मैदानावर हे गाणे सुरू झाले तेव्हा ते बँडने गायले असे म्हणणेच चुकीचे ठरेल. पहिल्या ओळीनंतर ते मैदानाने काढून घेतले. माझ्या डाव्या हाताला एक मुलगा होता, त्याच्या टी-शर्टवर एका परदेशी मेटल बँडचे भयंकर चित्र होते, आणि तो डोळे मिटून, हात वर करून, नर्मदेचे गाणे घसा फुटेपर्यंत गात होता. आपली मुले संस्कृतीपासून तुटली असे आपण व्यासपीठावरून वारंवार म्हणतो, त्या वेळी मला तो मुलगा हटकून आठवतो.

याच संदर्भात देवासचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. क्षयाच्या आजारामुळे १९४८ मध्ये देवासला आलेल्या कुमार गंधर्वांनी अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते ऐकली, ती मुरवली, त्यांतून धुनउगम (लोकधुनांतून उगवलेले) राग बांधले आणि कबीराची निर्गुणी भजने मैफलीच्या मंचावर आणली. त्या काळी त्यावर नाके मुरडणारे काही कमी नव्हते. आज कुमारजी हे आपल्या अभिमानाचे स्थान आहे. इंडियन ओशनने खोऱ्यातील गीत उचलले, कबीराच्या ‘झीनी’चे नाव देऊन २००३ मध्ये संग्रह केला, आणि हे सारे बास गिटार व ड्रमच्या संगतीने मैदानावर नेले. दोघांची तुलना करण्याचा वेडेपणा मी करत नाही. लोकांच्या तोंडचे गाणे उचलून आपल्या मंचावर नव्याने उभे करणाऱ्याला ओळखण्याची सवय आपल्या श्रोत्यांना माळव्यात राहून लागलेली आहे, इतकेच मला म्हणायचे आहे. ती सवय गिटार दिसताच सुटण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न गोंगाटाचा, शेजाऱ्यांच्या झोपेचा आणि गर्दीचा. हे तिन्ही आक्षेप रास्त आहेत आणि त्यांना उत्साहाने उत्तर देऊन चालणार नाही, हिशेबानेच द्यावे लागेल.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मोकळ्या जागी ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य शासन सांस्कृतिक व धार्मिक प्रसंगी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, परंतु आपण ती सवलत मागूच नये. कार्यक्रम सायंकाळी साडेसहाला सुरू करून साडेनऊला संपवावा, आणि तसे करण्यासाठी भाषणे रद्द करावीत, हा या नियमाचा एक आनुषंगिक लाभ आहे. दुसरी अट अधिक कडक आहे : सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलहून अधिक किंवा ७५ डेसिबलहून अधिक, यांपैकी जी मर्यादा कमी असेल तिच्या पुढे जाता कामा नये. निवासी भागाची दिवसाची पातळी ५५ डेसिबल आहे, म्हणजे तेथे सीमेवर ६५ हीच मर्यादा ठरते. ढोबळ मानाने मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो; मंचापासून २० मीटरवर ९५ डेसिबल ठेवले तर १६० मीटरवर ७७ च्या आसपास येतो. यावरून दोन गोष्टी निघतात. वस्तीच्या मधोमध असलेली मैदाने, ती कितीही सोयीची असली तरी, या कार्यक्रमासाठी नकोत. शहराबाहेर, खंडवा रस्त्याच्या किंवा बायपासच्या बाजूला एखाद्या शैक्षणिक संस्थेचे विस्तीर्ण आवार सुटीच्या दिवशी मिळवावे. आणि मंचाची पाठ वस्तीकडे ठेवावी, स्पीकर उंच टांगून श्रोत्यांकडे खाली वळवावेत, सबवूफरची मांडणी अशी करून घ्यावी की मागच्या बाजूचा खर्ज परस्पर कापला जाईल. चांगल्या ध्वनितंत्रज्ञाला हे सांगावे लागत नाही, पण कंत्राट देताना लिहून घ्यावे लागते.

श्रोत्यांच्या कानांचीही काळजी घ्यायला हवी, आणि हे मी रॉकची चाहती म्हणूनच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जी मानके दिली, त्यांत १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही वरची मर्यादा आहे, आणि आवाजाची सतत मोजणी, कानात घालायचे बोळे व थोडा वेळ कान निवावेत अशी शांत जागा यांचीही सूचना आहे. लहान मुलांना मंचाजवळ उभे करू देऊ नये. बोळ्यांचा खर्च आपल्या एका पुष्पगुच्छाच्या खर्चात निघेल.

गर्दीविषयी मात्र कोणतीही तडजोड नको. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात संगीताचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच पाऊस आला, बाहेर थांबलेली गर्दी खुल्या प्रेक्षागाराच्या दारातून एकदम आत लोटली आणि उताराच्या पायऱ्यांवर चेंगरून चार तरुण जीव गेले. तेथे संगीताचा दोष नव्हता. दार आणि पायऱ्या यांचा होता. सपाट मैदान, येण्याजाण्याची निरनिराळी आणि रुंद दारे, दर चौरस मीटरला दोनपेक्षा अधिक माणसे होणार नाहीत एवढ्याच प्रवेशिका, मंचासमोर मजबूत कठडा आणि त्याच्या आत पाणी घेऊन उभे असलेले स्वयंसेवक, इतके केले तर तीस मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब जागेत चोवीसशे माणसे मोकळेपणाने उभी राहू शकतात, नाचू शकतात आणि मध्येच बाहेरही पडू शकतात. रंगपंचमीला राजवाड्याभोवतीच्या अरुंद रस्त्यांवरून गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे चित्ररथ, पाहण्यासाठी लोक रात्रभर रस्त्यावर उभे असतात. उभे राहून आनंद लुटण्याचा या शहराचा सराव एवढा जुना आहे की चोवीसशे माणसांचे नियोजन आपल्याला झेपणार नाही हे पटण्यासारखे नाही.

खर्चाचे म्हणाल तर सभासदांना सवलतीची आणि इतरांना पूर्ण दराची तिकिटे लावावीत. अशा कार्यक्रमाला तिकीट काढून येणारे श्रोते इंदूरमध्ये आहेत. दोन-तीन संस्थांनी एकत्र येऊन केले तर भार आणखी हलका होईल, आणि संस्थांनी एकत्र येण्याचा योग इतर कोणत्या निमित्ताने फारसा येताना दिसत नाही.

दोन विनंत्या शिल्लक आहेत. पहिली अशी की या कार्यक्रमाला ‘युवा महोत्सव’ असे नाव देऊ नये. राहुल राम स्वतः साठी ओलांडलेले आहेत, म्हणजे आपल्या बहुतेक कार्यकारिणी सदस्यांच्याच पिढीचे, आणि भोपाळच्या मैदानावर केस पिकलेली माणसे काही कमी नव्हती. तरुणांसाठी म्हणून वेगळे काढलेले काहीही तरुणांना संशयास्पद वाटते, आणि त्यात त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. दुसरी विनंती अशी की पदाधिकाऱ्यांनी स्वतः यावे, आणि राखीव भागात न बसता निदान दोन गाणी मैदानात, मंचापासून वीस-पंचवीस पावलांवर, उभे राहून ऐकावीत. अहवाल त्यानंतर लिहावा.

वेळेविषयी : मार्च परीक्षांचा असतो, एप्रिलपासून ऊन असते, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या नेहमीच्या कार्यक्रमांची गर्दी असते. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा मला योग्य वाटतो. शब-ए-मालवाचे कौतुक आपण पाहुण्यांना नेहमी ऐकवतो, ती संध्याकाळ तेव्हा खरोखरच बाहेर उभे राहण्याजोगी असते.

आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ही सूचना स्वतंत्र विषय म्हणून घ्यावी आणि त्यावर सभासदांचे मत नोंदवावे, अशी माझी विनंती आहे. ती मान्य झाल्यास जागेची निश्चिती करण्यापूर्वी संभाव्य मैदानांच्या चारही सीमांवरील आवाजाची मोजणी, आणि कार्यक्रमाच्या दिवशी दर पंधरा मिनिटांची नोंद, हे काम माझे विद्यार्थी व मी विनामूल्य करून देऊ. मोजणीची यंत्रे आमच्याकडे आहेत आणि तक्ता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपल्या कार्यालयात पोहोचेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक आजीव सभासद
रामबाग, इंदूर